अकरा अंगठे

"अंगठा नीट दाब ना, कौतिक. लाडात येऊन काय ठेवतेस?"

"दाबलाय आण्णा. अजून दाबला तर तुमचं मशीन टेबलासकट खाली जाईल."

रेशनच्या रांगेत मागे उभ्या बायका खिदळल्या. मशीनने जरा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि टूं करून लाल दिवा लावला. हिलालआण्णाने फडकं पुढे सरकवलं. मी अंगठा पुसला, पदराला घासला, परत ठेवला. लाल. डावा ठेवला. लाल. एकेक करत दहाही बोटं झाली. मशीनला एकही पसंत पडलं नाही.

"मशीन म्हणतं, तू कौतिक नाहीस," आण्णा म्हणाला.

"मग कोण आहे मी?"

"ते मला काय माहीत? मशीन खोटं बोलत नाही, बाई. सरक, पुढच्याला येऊ दे."

आठ वर्षं झाली या गोष्टीला, पण तो लाल दिवा आठवला की अजून डोक्यात तिडीक जाते. हा हिलालआण्णा माझ्या लग्नात पंगतीत बुंदी वाढत होता. माझा नवरा गेला तेव्हा खांदा द्यायला हाच पुढे होता. आणि आता त्याच्यासमोर उभं राहून मी मी आहे हे मशीनला पटवायचं! मी रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली. धान्याविना गेलेला तो दुसरा महिना होता. तिसऱ्या महिन्यात धान्य उचललं नाही तर कार्डावरून नाव जाईल, असं आण्णानेच सांगितलं होतं. घरात मी आणि माझ्या दोन पोरी. पोरींचं आधार निघालेलं नव्हतं, ओटीपी यायला माझ्याकडे मोबाईल नव्हता. जे काय होतं ते माझ्या अंगठ्यावर होतं.

अंगठा कुठे गेला होता, ते मला माहीत होतं. आमच्या सगळ्यांना माहीत होतं.

आमचं गाव तापीकाठी, चोपड्याच्या बाजूला. केळी आहेच, पण पपईही चिकार. त्या वर्षी हिलालआण्णाने पपईच्या चिकाचा ठेका घेतला होता. हो, तोच हिलालआण्णा. रेशनचं दुकान त्याचं आणि चिकाचा ठेकाही त्याचाच. आम्ही अकरा बायका सकाळी सहाला बागेत जायचो. कच्च्या हिरव्या पपईवर ब्लेडने उभ्या चार रेघा मारायच्या, बुंध्याला बांधलेल्या कापडात पांढरा चीक ठिबकू द्यायचा, आणि फळावर जो घट्ट होऊन बसतो तो बोटांनी निपटून टबात टाकायचा. तो चीक जळगावकडच्या एका कारखान्यात जायचा, तिथे त्याची पावडर व्हायची. ओरबाडलेली पपई टुटीफ्रुटीवाले न्यायचे. वाया काहीच जात नव्हतं, आमची बोटं तेवढी जात होती.

पहिल्या आठवड्यात नुसती खाज. मग बोटांची टोकं गुळगुळीत व्हायला लागली. मग कातडी सोलून निघायला लागली. भाकरीला पीठ मळताना मिठाचा कण लागला की जीव जायचा. आण्णाला सांगितलं तर तो हसायचा. "पपईचं दूध आहे ते, विष आहे का? लहान लेकरं चाटतात. आणि हातमोजे घालून चीक निपटता येतो का? सगळा मोज्यालाच चिकटेल."

तर त्या लाल दिव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत कारखान्याची जीप आली. चिकाचा दम तपासायला त्यांची केमिस्ट आली होती, मृदुला मॅडम. चष्मा, पांढरा डगला, वय असेल तिशीच्या आतबाहेर. मॅडमने टबाजवळ बसून बॅग उघडली आणि सगळ्यात आधी काय केलं असेल, तर हातमोजे घातले. एकावर एक, दोन जोड.

मी ब्लेड खाली ठेवलं.

"मॅडम, दोन दोन मोजे कशाला वं?"

"अहो, ताजा चीक आहे. हात खाईल ना."

असं म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग वेणूमावशीच्या. वेणूमावशी आमच्यात सगळ्यात मोठी, आधीच्या ठेकेदाराकडची धरून तीन वर्षं चिकातच होती. तिने आपली दहा बोटं मॅडमसमोर पसरली. टोकं अशी लालबुंद, वर रेघ म्हणून शिल्लक नाही.

"कोणी काही दिलं नाही तुम्हाला घालायला?"

"दिली की," वेणूमावशी म्हणाली. "शिव्या दिल्या."

मॅडम हसली नाही. खालीच बसली मातीत, डगल्यासकट. म्हणाली, "सांगते तुम्हाला. आपलं अंग, हे झाड, ही पपई, सगळं बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक. आणि एकेका पेशीत हजारो कामकरी असतात. एन्झाइम म्हणतात त्यांना, मराठीत विकर. पेशीत जे जे घडतं ते हेच घडवतात. अन्न पचवणं, जखम भरणं, नवी कातडी धरणं. कुणी जोडतं, कुणी तोडतं. ज्याचं जे काम तेवढंच तो करतो, दुसऱ्याच्या कामाला हात लावत नाही. आणि इतकं करून स्वतः झिजत नाही. एक काम झालं की लगेच पुढचं."

"म्हणजे बायकाच की," मी म्हटलं.

आता मात्र ती हसली. "तसंच समजा. आणि या चिकात जो आहे ना, तो तोडणारा आहे. मांस तोडतो, कातडी तोडतो. झाडाच्या पेशीत तो मोकळा सोडला तर झाडालाच खाईल. म्हणून झाड त्याला वेगळ्या नळ्यांत बंद करून ठेवतं. तिथे तो झोपलेला असतो. फळाला कुणी तोंड लावलं, किड्याने किंवा पाखराने, की नळी फुटते, चीक बाहेर येतो आणि तो जागा होतो. झाड स्वतःला असं राखतं."

"त्याला किडा कुठला आणि बाई कुठली, कळत नाही?"

"नाही कळत. त्याला नुसतं मांस कळतं."

वेणूमावशी एकदम म्हणाली, "मटण लवकर शिजत नसलं की आपण त्यात कच्च्या पपईची फोड टाकतो."

"हेच ते," मॅडम म्हणाली.

"माय वं! म्हणजे आपण मटण!"

सगळ्या हसल्या, आणि हसता हसता आपापली बोटं बघायला लागल्या. मी आयुष्यभर मटणात पपई टाकत आले आणि आपल्या बोटांचं काय चाललंय ते मला कळलं नव्हतं. मला माझाच राग आला.

"मॅडम, हे परत येतं का? अंगठ्यावरच्या रेघा?"

"येतात. रेघ वर नसते, तिचं मूळ खालच्या थरात असतं. खालच्या पेशी नवी कातडी करतात आणि तीच रेघ जशीच्या तशी वर पाठवतात. वीस-बावीस दिवस चिकाला हात नका लावू. तुमच्याच रेघा परत येतील, दुसऱ्या कुणाच्या नाही."

जीप गेली. मी टबाजवळ उभी राहिले आणि म्हटलं, "उद्यापासून ब्लेडला हात लावायचा नाही."

झाली ना गडबड! एक म्हणते पोरं काय खातील, दुसरी म्हणते आण्णा दुसऱ्या बायका आणेल. मी म्हटलं, "आणू दे. त्यांच्याही बोटांचं हेच होईल आणि त्याही त्याच दुकानाच्या रांगेत येतील. हा माणूस सकाळी आपला अंगठा घेतो आणि संध्याकाळी आपल्याकडेच अंगठा मागतो. आणि वरून म्हणतो तू कौतिक नाहीस! मी तर नाही येणार. मी एकटी बसेन."

"एकटी कशाला बसतेस? मला काय बसता येत नाही?" वेणूमावशी म्हणाली आणि ब्लेड टबात फेकलं. तिच्यामागे मग सगळ्यांची ब्लेडं पडली.

संध्याकाळी अकराजणी दुकानावर गेलो. मी आण्णाला सरळ सांगितलं. "दोन गोष्टी. एक, हातमोजे. दुसरी, तहसीलला कागद लिहून द्या की या अकराजणींचे ठसे चिकाने गेलेत, यांना वहीत सही घेऊन धान्य द्यावं."

"असा कागद मी लिहू? डोकं ठिकाणावर आहे का?" आण्णा गादीवरून अर्धा उठला. "उद्या पेपरात येईल, हिलालच्या बागेत बायकांची बोटं झडली. कारखाना ठेका काढून घेईल. पपईचं दूध आहे, पपईचं दूध! काही होत नाही त्याने."

"काही होत नाही?"

"नाही होत!"

"मग तुम्हीच निपटा, आण्णा."

एवढं बोलून मी वळले. दहाजणी माझ्यामागोमाग निघाल्या.

पुढचे दिवस काही सोपे गेले नाहीत. ते दिवस कुणी फुशारकीने सांगितले तर समजा ती खोटं बोलते. मी गावातल्या एकीकडे गव्हाची निवड-टिपण केली, धुणी धुतली, पोरींना कण्यांची पेज पाजली. धाकटी एक दिवस म्हणाली, "आई, तू बागेत जा ना." मी तिच्यावर खेकसले, आणि मग मागच्या दारी जाऊन रडले. आण्णाने बायका आणायला शेजारच्या दोन गावांत माणूस पाठवला, पण वेणूमावशीची एक बहीण इकडे, एक नणंद तिकडे. त्या गावांत मावशीच्या दहा बोटांची बातमी आण्णाच्या माणसाआधी पोचली होती. कुणी आलं नाही.

आणि पपई काही कुणासाठी थांबत नाही. फळ पिवळं पडायला लागलं की चीक संपला. मग आण्णाला चेव आला. महिना संपायला आठ दिवस असताना तो स्वतः बागेत उतरला. रस्त्याकडेच्या ओळीत, येणाराजाणारा बघेल असा. बाह्या सारलेल्या, हातात ब्लेड, बोटांनी चीक निपटतोय आणि रस्त्याने जाणाऱ्याला हाका मारतोय. "बघा हो, बघा! या बायका म्हणतात हात खातं. खाल्ला का माझा हात?"

मी डोक्यावर धुण्याची पाटी घेऊन चालले होते. मलाही हाक मारली.

"काय कौतिक, आहेत ना माझी बोटं जागेवर?"

"आज आहेत, आण्णा," मी म्हटलं आणि चालू पडले.

एक नाही, पाच सकाळी त्याने ते केलं. हट्टाला पेटलेला माणूस. आमचे हात कष्टाने जाड झालेले, तरी सोलले होते. त्याचे तर गादीवर बसून मऊ पडलेले. सहाव्या दिवशी तो बागेत आला नाही. दुकानाच्या ओट्यावर खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसला होता म्हणे.

एक तारीख आली. धान्यवाटपाचा दिवस. मी पिशवी घेऊन सकाळीच रांगेत पहिली उभी राहिले. माझा तिसरा महिना होता. या महिन्यात नाही तर नाव गेलं. मागे दहाजणी, त्यांच्या मागे निम्मं गाव.

आता तुम्हाला एक सांगते. त्या मशीनला आधी दुकानदाराचा अंगठा लागतो. त्याचा लागला की मगच ते उघडतं, मग आपली पाळी. आण्णाने अंगठा ठेवला. टूं. लाल.

त्याने अंगठा धोतराला पुसला. लाल. डावा. लाल. आतून बायकोने लिंबाची फोड आणून दिली. ती चोळल्याबरोबर आण्णा "आईऽऽ" करून ओरडला, सोललेल्या बोटांवर लिंबू! परत ठेवलं. लाल. एकेक करून दहाही बोटं झाली. मी मोजत होते.

आणि मग माझ्या तोंडून निघालंच.

"आण्णा, मशीन म्हणतं तुम्ही हिलाल नाही."

आधी वेणूमावशी हसली. मग जी काय रांग हसायला लागली, की ओट्यावरची कुत्री उठून पळाली. आण्णा लालभडक झाला. "मशीन बिघडलंय," म्हणाला.

"मशीन खोटं बोलत नाही," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलंय."

फोनाफोनी झाली. दुपारी दोनला तालुक्याहून पुरवठा निरीक्षक आले. तोवर रांगेतलं कुणी हललं नव्हतं. साहेबांनी मशीन उलटसुलट पाहिलं, ते ठीक होतं. त्यांच्या अंगठ्यावर ते उघडायची सोयही होती. पण आधी कागद हवा, म्हणाले. दुकानदाराचा ठसा का लागत नाही त्याचं कारण, लेखी, सहीनिशी.

आण्णाने पेन घेतलं. बोटांत धरवेना, तरी लिहायला लागला. वाचायला मला सहावीपर्यंत येतं. मी वाकून पाहिलं. 'उन्हाळ्याच्या उष्णतेमुळे' असं लिहीत होता.

"साहेब, ते खोटं लिहितायत."

"तुम्ही कोण?" साहेब म्हणाले.

"मी कौतिक. या मशीनच्या मते दोन महिने मी कुणीच नाही." आणि मग मी सगळं सांगितलं. पेशी सांगितली, विकर सांगितलं, झाड त्याला कसं झोपवून ठेवतं ते सांगितलं, मटणातली पपई सांगितली, मॅडमचे दोन मोजे सांगितले. मला कुठून एवढं बोलता आलं, आजही कळत नाही. "आमचे ठसे त्याने खाल्ले, साहेब. आण्णांचेही त्यानेच खाल्ले. पाच दिवस सगळ्या गावाने बघितलंय त्यांना चीक निपटताना. स्वतःच हाका मारून दाखवत होते."

"बघितलंय!" रांगेतून आवाज आले.

साहेबांनी आण्णाकडे पाहिलं. "ऊन तर सगळ्या तालुक्याला आहे. बाकी दुकानदारांचे ठसे लागतायत. खोटं कारण लिहिलंत आणि उद्या चौकशी लागली तर परवाना तुमचा जाईल, माझा नाही. खरं काय ते लिहा."

आण्णाने पहिली ओळ खोडली आणि लिहिलं. मी एकेक अक्षर वाचलं. 'पपईच्या चिकाचे काम केल्याने माझ्या बोटांचे ठसे गेले आहेत.' मी मागितला तेव्हा न लिहिलेला कागद, तो हाच.

तो सही करणार तेवढ्यात मी कागदावर हात ठेवला.

"थांबा आण्णा. 'माझ्या' खोडा. 'आमच्या' लिहा. आणि खाली आमची अकरा नावं."

"कौतिक, आता पुरे हं."

"पुरे कसं? तुमचा पाच दिवसांत गेला तर आमचा इतक्या महिन्यांत जाणार नाही का? लिहा. वेणूबाई धुडकू कोळी. पहिलं नाव तेच घ्या."

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब खिशात चष्मा शोधत होते. आण्णाने लिहिलं. एकेकीने पुढे येऊन आपलं नाव सांगितलं, पूर्ण, नवऱ्याचं नाव नि आडनाव लावून, आणि तो लिहीत गेला. शेवटचं नाव माझं.

साहेबांनी मशीन उघडलं. "या, आता तुम्हीच या," मला म्हणाले. "बघू तुमचा लागतो का. नाही लागला तर वहीत घेऊ."

बावीस दिवस मी चिकाला शिवले नव्हते. तरी अंगठा आधी पदराला पुसला, मग ठेवला. मशीन थांबलं. मग हिरवा दिवा लागला आणि त्यातली बाई खणखणीत आवाजात माझं नाव बोलली. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, मला ते पुसायचंही सुचलं नाही.

"लागला की तुमचा. मग यादीतून तुमचं नाव कमी करू?" साहेब म्हणाले.

"राहू द्या साहेब. सोमवारपासून परत चिकातच जायचंय, आणि मोजे अजून आलेले नाहीत."

गहू-तांदूळ घेऊन निघाले तर आण्णा ओट्याच्या कडेला एकटाच बसलेला. बोटं फुंकत होता. मला बघून हळूच म्हणाला, "कौतिक, हे परत येतं ना गं?"

"येतं की आण्णा. वीस-बावीस दिवस काम सोडून घरी बसायचं. येतं."

तो परत बोटं फुंकायला लागला. मला त्याची कीव आली नाही. खोटं कशाला सांगू?

सोमवारी सकाळी बागेत गेलो तर बांधावर पिशवी ठेवलेली. अकरा जोड रबरी हातमोजे. वेणूमावशीने एक जोड चढवला. बोटांच्या पुढे पेरभर रबर लोंबत होतं. पुरुषी मापाचे आणले होते.

"चालवून घेऊ, बाई," मावशी म्हणाली. "आणलेत तेच खूप झालं."

"नाही चालवायचं," मी म्हटलं. मोजे परत पिशवीत भरले आणि पिशवी आण्णाच्या माणसाच्या हातात दिली. "आण्णांना सांग, बायकांच्या मापाचे आणा. तोवर आम्ही इथेच आहोत."

आणि आम्ही अकराजणी बांधावर बसलो. आण्णा चोपड्याहून बायकांच्या मापाचे मोजे घेऊन परत आला तेव्हा अकरा वाजले होते.